पीटीओ दम सोडतो: जुन्या ट्रॅक्टरच्या कामाच्या नोंदी

७ मार्च
पुन्हा तेच. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर, जोडलेला रोटाव्हेटर पंधरा-वीस मिनिटं नीट चालला, मग पाती मंदावली आणि थांबली. इंजिन मात्र दबलं नाही. उलट अंगावरचं ओझं उतरल्यासारखा त्याचा आवाज मोकळा झाला. म्हणजे इंजिनात जोर आहे, तो वाटेत कुठेतरी सांडतोय. डिझेल फिल्टर, एअर क्लीनर, इंजेक्टर या गोष्टी आजपासून यादीतून बाद. इंजिन दबून थांबलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. पाती थांबल्यावर रोटाव्हेटर वर घ्यायला गेलो तर लिफ्टही उचलेना. क्लच पूर्ण दाबून पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला आणला, क्लच सोडला, की लिफ्ट मुकाट वर. आता हायड्रॉलिकचं दुखणं निराळं निघालं की काय, या विचारात संध्याकाळ गेली.

८ मार्च
आधी बाहेरचं पाहून घेतलं. ट्रॅक्टर उघडणं हे शेवटचं काम, पण हात नेमका तिथेच आधी जातो.

इंजिन बंद, चावी खिशात. जोडशाफ्ट काढून रोटाव्हेटरचा रोटर टॉमीने फिरवला. एकसारखा फिरतो, कुठे अडत नाही, गिअरबॉक्सचं तेल पातळीवर. शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे सांध्यातले चौफुलीसारखे तुकडे, हातात धरून हलवले. मागच्याला किंचित खेळ आहे, पण एवढ्याने पाती थांबायची नाहीत. ग्रीस मारलं, चारही टोपणांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत आहेत का तेही पाहिलं. आहेत. ते एकमेकांना आडवे बसले तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस खातो. पण ते दुखणं थरथरीचं, थांबण्याचं नाही.

प्लॅस्टिकचं गार्ड एका जागी फाटलं होतं, साखळी तुटली होती. ते आजच बदललं. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. बाही अडकली तर ती सोडवायला तेवढाही वेळ मिळत नाही.

१० मार्च
आमच्या शाफ्टवर ओव्हरलोड क्लच आहे, स्प्रिंगांनी दाबलेल्या घर्षणप्लेटांचा. पाती दगडावर आपटली की त्या प्लेटांनी घसरायचं, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. स्प्रिंगा ढिल्या पडल्या तर हाच नुसत्या मातीच्या भारालाही घसरेल. संशय रास्त होता.

खडूने सगळ्या प्लेटांच्या कडांवरून एक सरळ रेघ ओढली. दुसरी रेघ ट्रॅक्टरच्या पीटीओ टोकावरून शाफ्टच्या योकवर. गार्ड परत चढवलं आणि पाती थांबेपर्यंत चालवलं. बारा मिनिटं लागली. इंजिन बंद करून, सगळं थंड होऊ देऊन गार्ड सरकवलं तर दोन्ही रेघा जशाच्या तशा, केसभरही तुटलेल्या नाहीत.

म्हणजे टोकाच्या मागे सगळं ठीक आहे. दोष ट्रॅक्टरच्या पोटात. खडूच्या एका तुकड्याने अर्धं शेपूट कापून टाकलं.

११ मार्च
आज वेगळंच घडलं. काम सुरू करून पाच मिनिटं झाली नाहीत तोच कट्-कट्-कट् असा दातांवर दात घासल्यासारखा आवाज आला आणि पाती थांबली. लिव्हर पाहिला तर जागेवर, खाचेत. लिफ्टचा दांडा उचलला तर रोटाव्हेटर झटक्यात वर!

७ तारखेला लिफ्ट उचलत नव्हती, आज उचलते. वहीत दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी लिहून बराच वेळ बघत बसलो.

१२ मार्च
मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी ट्रॅक्टरला हात लावला नाही, वहीच मागितली. वाचून म्हणाले, "तुमचा पंप कुठून चालतो ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं, पण त्याचा असा उपयोग सुचला नव्हता. पुष्कळ ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप इंजिनाच्या गिअरवर असतो. आमच्यात तो पीटीओच्याच ओळीत आहे. पीटीओच्या क्लच प्लेटकडून मागे आलेला शाफ्ट आधी पंप फिरवतो, त्याच्या मागे लिव्हरची सरकती कॉलर, आणि कॉलरच्या मागे बाहेरचं टोक. मिस्त्रींनी वहीच्या पाठीमागे एक सरळ रेघ काढली आणि तिच्यावर चार ठिपके मांडले: प्लेट, पंप, कॉलर, टोक.

आता ७ तारीख. प्लेट घसरली, तर तिच्या मागचं सगळं एकदम थांबतं, पंपही. म्हणून लिफ्ट मेली. लिव्हर न्यूट्रलला घेतला की रोटाव्हेटरचं ओझं सुटतं. एकट्या पंपापुरता जोर घसरत्या प्लेटमध्येही असतो, म्हणून लिफ्ट उचलली.

आणि ११ तारीख. कॉलरचे दात सुटले. पंप कॉलरच्या पुढे, तो फिरतच राहिला, म्हणून लिफ्ट जिवंत.

"मग मिस्त्री, दोष एक की दोन?"

"दोन. आणि एकामुळे दुसरा झाकला जातोय. एकच धरून बसला असता तर क्लच बदलून पुन्हा माझ्याकडे आला असता."

लिफ्टचा दांडा हा आमचा फुकटचा मीटर ठरला. पाती थांबली की आधी दांडा उचलायचा, आणि काय झालं ते लिहून ठेवायचं.

१४ मार्च
प्लेट का घसरते? सोप्या कारणापासून सुरुवात. क्लच पेडलचा मोकळा खेळ मोजला. पुस्तकात २० मिमी, प्रत्यक्षात जेमतेम ६. प्लेट झिजत जाते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं मागे येतात आणि खेळ कमी होतो, हे ओळखीचं. रॉडवरचा नट सोडून २० वर आणला.

पण इथे एक गोम आहे. आमचा क्लच दुहेरी. पेडल अर्धं दाबलं की चाकं सुटतात, पूर्ण दाबलं की पीटीओ. पेडलने सरकणारं रिलीज बेअरिंग बोटांवर टेकून राहिल्यामुळे घसरत असतं, तर आधी चाकांची प्लेट घसरायला हवी होती, कारण पेडल तिलाच आधी सोडवतं. चाकं मात्र वरच्या गिअरमध्ये चढावरही ओढतात. तेव्हा खेळ कमी होता हे खरं असलं तरी मूळ कारण ते नसावं.

दुपारी फेऱ्यांचीही परीक्षा घेतली. पीटीओच्या टोकाला चमकती पट्टी चिकटवली आणि प्रकाशाने मोजणारा टॅकोमीटर धरला, बिनभाराचा. डॅशबोर्डावरच्या मीटरच्या तबकडीवर पीटीओच्या ५४० ची खूण इंजिनाच्या १७०० फेऱ्यांपाशी आहे. काटा १७०० वर आणला तर टोकाला फेरे ४९७. म्हणजे इंजिन खरं १५६५ वर फिरतंय आणि मीटर सव्वाशेहून जास्त फुगवून सांगतोय. किती वर्षं आम्ही असं कमी फेऱ्यांवर रोटाव्हेटर ओढतोय, देव जाणे.

हे नुसतं मीटरचं प्रकरण नाही. तेवढीच ताकद कमी फेऱ्यांवर पोचवायची तर पीळ, म्हणजे फिरवणारा जोर (टॉर्क), जास्त लागतो. २२ किलोवॅट धरले तर ५४० ला सुमारे ३९० न्यूटन-मीटर, ४९७ ला सुमारे ४२३. घसरायला टेकलेल्या प्लेटवर हा वरचा भार आपणच टाकत होतो.

५४० हा आकडा तसा म्हाताराच. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने १९२७ साली पीटीओसाठी ५३६, दहा इकडे-तिकडे, असे फेरे आणि मागून पाहता घड्याळाच्या काट्याची दिशा ठरवून दिली. पुढे त्याचे ५४० झाले. सहा खाचांचा ३५ मिमीचा दांडा त्या फेऱ्यांची खूण म्हणून आजही चालतो, आणि त्यामुळेच या वयाच्या ट्रॅक्टरला नव्या कारखान्यातून आलेलं अवजार विनातक्रार बसतं. काट्याशेजारी पांढऱ्या रंगाने खऱ्या ५४० ची नवी खूण केली. मीटरची केबल पुढे कधीतरी.

१५ मार्च
खेळ २०, फेरे खरे ५४०. चाळीस मिनिटं चालला. मग पुन्हा मंदावला, लिफ्ट मेलेली. म्हणजे प्लेटच. गार असताना धरते, तापली की सोडते.

१७ मार्च
क्लच हाउसिंगच्या तळाशी एक भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लोंबत असते. ती तशीच लोंबायला हवी. हादऱ्याने हलत राहते आणि भोक मोकळं ठेवते. पिन शोधायलाच पाच मिनिटं लागली. तेल, धूळ आणि भुसा यांचा लगदा दगडासारखा बसला होता. खिळ्याने खरवडला, पिन हलवली आणि पिनेवरून तेलाची तार लागली. वाटीभर तरी निघालं असेल.

आता हे तेल कोणाचं? इंजिनाचं असेल तर मागचं क्रँक सील गेलं. गिअरबॉक्सचं असेल तर इनपुट शाफ्टचं. पांढऱ्या फरशीवर एक थेंब ठेवला, शेजारी दोन्ही डिपस्टिकांचे दोन थेंब. इंजिनाचं काळंशार आणि पातळ. हे मधाच्या रंगाचं, बोटांत धरलं तर तार सुटते, आणि गिअर तेलाचा तो गंधकी वास. गिअरबॉक्सचंच.

मागचं तेल मोजलं तर पातळी खुणेच्या दोन बोटं वर. हे माझंच कर्तृत्व. मागच्या खेपेला उतारावर उभा असताना भरलं होतं. वर श्वास घ्यायचं टोपण, म्हणजे ब्रीदर, मातीने लिंपलेलं. तेल तापलं की आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही की सीलवर दाब येतो, आणि सील तर जुनंच.

मग उघडावा लागणार. दोन दिवस टाळाटाळ केली.

२१ मार्च
ट्रॅक्टर मधून वेगळा केला. घाई न करता, तीन माणसं, सकाळपासून दुपारपर्यंत.

सगळ्यात आधी पुढच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा ठोकल्या. ॲक्सल मधल्या पिनेवर झुलतो. मागचा आधार सुटला की इंजिनाचा भाग त्या पिनेवरून कलंडू शकतो. हे काम पाहिलेल्या कुणालाही विचारा, तो पहिल्यांदा पाचरेचंच नाव काढेल. मग बॅटरीची तार, क्लच रॉड, स्टार्टरच्या तारा, डिझेल नळ्या. इंजिनाखाली ठोकळे, गिअरबॉक्सखाली चाकांचा जॅक. शेवटचे दोन बोल्ट काढायच्या आधी त्यांच्या जागी डोकं कापलेले दोन लांब बोल्ट बसवले, म्हणजे मागचा भाग सरळ सरकेल आणि शाफ्टवर लोंबणार नाही.

फट हातभर झाली तसा जळका, आंबूस वास आला. पीटीओची प्लेट तेलाने काळी, चिकट. नखाने खरवडलं तर मेणासारखा थर निघाला. रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत जेमतेम अर्धा मिलिमीटर उरला होता. प्रेशर प्लेटच्या तोंडावर निळे डाग, तापल्याचे. चाकांची प्लेट फक्त कडेला ओली होती. १४ तारखेचा तर्क निदान तेवढ्यापुरता बरोबर निघाला.

सील दोन आहेत. शाफ्ट एकात एक: बाहेरचा पोकळ, आतला त्याच्यातून जाणारा. बाहेरच्याचं सील डोळ्यांसमोर असतं. दोघांच्या मधलं लपलेलं असतं आणि तेच लोक विसरतात. मधलं काढलं तर त्याची ओठासारखी कड वाळलेल्या चामड्यासारखी, वाकवली तर तडकली. शाफ्टवर जिथे ती कड वर्षानुवर्षं घासली होती तिथे एक बारीक चर पडली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, नख मात्र अडकलं.

२२ मार्च
चर असलेल्या शाफ्टवर नवं सील त्याच जागी ठोकलं तर ते पहिल्या दिवसापासून गळणार. शाफ्ट बदलायचा नसेल तर मिस्त्रींची सोपी युक्ती: सील तळापर्यंत न बसवता दोन-अडीच मिलिमीटर अलीकडे ठेवायचं, म्हणजे कड कोऱ्या पृष्ठभागावर चालते. तेवढी जागा आमच्याकडे होती. खाचांच्या धारेवर सीलची कड कापू नये म्हणून खाचांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, तेल लावलं आणि हळूच सरकवलं.

नव्या प्लेटा आल्या. आनंद अर्धा तास टिकला. पीटीओच्या प्लेटचा व्यास बरोबर होता, पण मधल्या खाचा मोजल्या तर जुनीपेक्षा दोन कमी. खोक्यावर आमच्याच मॉडेलचं नाव. परत पाठवली. जुन्या ट्रॅक्टरला एकाच नावाखाली दोन-तीन तऱ्हांचे क्लच बसलेले असतात. पाठवण्याआधी जुन्या प्लेटचा फोटो, व्यास आणि खाचांची संख्या द्यायला हवी होती. दिली नव्हती.

२५ मार्च
प्लेट मिळेपर्यंत कॉलरचं काम. मागचं सगळं तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोणी होतं, ते या वयात चालतं. पण त्यात तांदळाएवढे दोन चमकते तुकडेही होते. ते दातांचे.

बाजूचं झाकण उघडून लिव्हर खाचेत बसवला आणि आत बॅटरी मारली. इतके दिवस ज्या लिव्हरवर विश्वास टाकला तो खोटं बोलत होता. बाहेर पूर्ण 'चालू', आत कॉलर दातांवर फक्त ६ मिमी चढलेली. पूर्ण चढली तर १४ व्हायला हवी. वाटेत हरवलेले ८ मिमी असे: लिव्हरच्या पिनेचं भोक लांबट झालेलं, कॉलर सरकवणाऱ्या फोर्कचे दोन्ही पाय झिजून पातळ, आणि खाच धरून ठेवणाऱ्या गोळीची स्प्रिंग दबून आखूड. सहा मिलिमीटरवर सगळा भार आला की दातांची टोकं गोल होतात. टोकं गोल झाली की भार आला रे आला, कॉलर स्वतःहून मागे ढकलली जाते. म्हणून कट्-कट्.

कॉलर, फोर्क, स्प्रिंग, गोळी नवी. पिनेचं भोक रीम करून बुश घातला. जोड शाफ्टवरचे दात तेवढे बरे होते, त्यांच्या कडा तेलदगडाने नुसत्या साफ केल्या. पुन्हा मोजलं: १३ मिमी. पुरे.

२८ मार्च
योग्य प्लेट आली. आधी खाचा मोजल्या, मग खोकं उघडल्याचा आनंद केला. प्रेशर प्लेटचं तोंड लेथवर घासून आणलं होतं. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंगही बदललं. एवढं उघडल्यावर ती जुनी ठेवणं म्हणजे पुन्हा उघडण्याचं आमंत्रण.

दोन्ही प्लेटा मधोमध बसवायला लाकडाचा खोटा शाफ्ट करून घेतला होता, दोन व्यासांचा. बोटांची उंची तिन्ही ठिकाणी एकसारखी लावली. एक बोट जरी पुढे राहिलं तरी पीटीओ सुटताना पेडल थरथरतं.

जोडताना शेवटचे दोन इंच अडले. मुलगा म्हणाला, "बाबा, बोल्टांनी आवळून घेऊ का?" अजिबात नाही. बोल्टांनी ओढलं की प्लेटचा गाभा वाकतो नाहीतर हाउसिंगचा कान तुटतो. लिव्हर चालूत टाकून मागून पीटीओचं टोक हाताने थोडं थोडं फिरवायला लावलं, गिअर टाकून मागचं चाक इंचभर पुढे-मागे केलं, आणि एका क्षणी दोन्ही शाफ्टांच्या खाचा जुळून फट आपोआप मिटली. तो 'ठक्' ऐकला की कळतं. मग बोल्ट.

२९ मार्च
ब्रीदर डिझेलमध्ये बुडवून फुंकून मोकळा केला. तेल सपाट जागेवर भरलं, खुणेपर्यंतच. पेडलचा खेळ २०. स्प्लिट पिन नवी घातली, सैल.

सकाळी गार तेलावर सुरू केलं तर लिव्हर न्यूट्रलला असूनही पीटीओचं टोक हळूहळू फिरत होतं. मुलगा घाबरला. जाड तेल नुसतं ओढून फिरवतं ते. तेल तापल्यावर थांबलं. तापल्यावरही फिरत राहिलं असतं तर कॉलर पूर्ण सुटत नाही असा अर्थ. मात्र ते हळू फिरणारं टोक हाताने धरून थांबवायचा मोह कुणी करू नये, हे त्याला तिथेच बजावलं.

३० मार्च
सलग दोन तास रोटाव्हेटर, पूर्ण खोलीवर. खऱ्या ५४० वर. एकदा मुद्दाम कडक पट्ट्यात घातला. या वेळी इंजिन दबलं, काळा धूर टाकला, पण पाती फिरत राहिली. महिन्याभरात पहिल्यांदा इंजिन दबल्याचा आनंद झाला. लिफ्टचा दांडा मध्येच तीनदा उचलून पाहिला. तीनदाही वर.

१९ एप्रिल
साधारण ३० तास झाले. पिनेखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर उभा केला. सकाळी एकच डाग, नाण्याएवढा, मधाच्या रंगाचा. हाउसिंगमध्ये उरलेलं जुनं तेल असू शकतं. पुठ्ठ्यावर तारीख टाकून तो भिंतीला टांगला आणि खाली नवा ठेवला.

पेडलचा खेळ १८. नवी प्लेट बसताना थोडा कमी होतोच, पुन्हा २० केला. मागच्या क्रॉसचा खेळ वाढलाय, तो मागवला आहे. मीटरची केबल अजून तशीच, काटा पांढऱ्या खुणेवर ठेवून काम चाललंय.

२७ एप्रिल
पुठ्ठा कोरडा.